उन्हाच्या मापाचं घर

४ मे

आज जागा आमची झाली. सही करताना मी पेनाचं टोपणच काढायला विसरलो. जन्मभर बस चालवली, एवढं मोठं धूड अरुंद वळणांवरून काढलं, आणि एका सहीला टोपण विसरावं म्हणजे कमाल आहे. कुणाच्या लक्षात आलं नाही. हिच्या आलं असेल.

ही डायरी लेकीने दिली. "बाबा, स्टिअरिंग सुटलं, आता पेन धरा," म्हणाली. ती नोकरीपायी लांब राहते, पण तिथून आमच्यावर तिची करडी नजर असते. आजही फोनवर सगळं सोडून पहिला प्रश्न काय, तर "शीळ घालताय ना?" माझ्या शिळेवरून या घरात फार थट्टा होते. मी सुरात घालतो असं माझं मत आहे. ही म्हणते, तुमच्या बसमधले लोक एक स्टॉप आधीच का उतरायचे ते मला माहीत आहे.

आताचं घर तळमजल्यावर, तेही मागच्या बाजूला. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर तिची पाठ खाजवता येईल. भरदुपारी दिवा लागतो. त्या दिव्याखाली हिचं शिलाई मशीन. लोकांचे कपडे उसवून त्यांच्या अंगाबरहुकूम पुन्हा शिवायचे हा हिचा धंदा. कुणी सुटलेलं असतं, कुणी वाळलेलं. माणूस दारातून आत आला की ही आधी खांद्याकडे बघते, मग तोंडाकडे.

जागा हिनेच पसंत केली. मी बाजाराजवळची म्हणत होतो. पण ही हटूनच बसली. गेल्या हिवाळ्यात एकटीच कितीदा तरी जाऊन बघून आली म्हणे. मी तेव्हा जरा पडून होतो. हिवाळ्यात माझं तसं असतंच, त्यात विशेष काही नाही.

७ मे

आज जागा साफ केली. लांबट पट्टा आहे. दक्षिणेला रस्ता, रस्त्यापलीकडे गोदामाची उंच भिंत, उत्तरेला मागे मोकळं रान. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं. गवतात एक गंमत सापडली. कुणीतरी जागेच्या मधोमध ओळीने काटक्या रोवून प्रत्येकीला चिंधी बांधून ठेवली होती. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या चिंध्या, आमची जुनी चादर होती अगदी तशाच. सगळ्या जगाला चादरी पुरवणारा कारखाना एकच आहे की काय! पोरंटोरं खेळली असतील. सगळ्या उपटल्या, गवतावर टाकल्या आणि दिली काडी लावून. छान भडका उडाला. मी शीळ घालत उभा होतो.

तेवढ्यात ही डबा घेऊन आली. आगीकडे बघत नुसती उभी राहिली. विचारलं, "तिथे काटक्या होत्या ना?"

म्हटलं, "होत्या. आता राख आहे. बघ, जागा कशी लख्ख झाली!"

त्यावर "हो, लख्ख झाली," म्हणाली आणि डबा तिथेच ठेवून नळ शोधायला गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. धूर तिकडेच जात होता.

९ मे

घर कुठे बांधायचं यावरून खटका उडाला. माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे: रस्त्याला लागून. इतकी वर्षं मागच्या बाजूला कोंडून घेतलं, आता पुढे बसायचं. व्हरांड्यात खुर्ची टाकायची, येणारा-जाणारा बघायचा. मुख्य म्हणजे हिला बोलायला माणसं मिळतील. मी तरी किती बोलणार! मागे हिच्यासाठी भाजीचे वाफे. सगळा विचार हिचाच केलाय, आणि हिलाच पटत नाही.

"घर मागे घेऊ या. अगदी रानाला टेकवून."

"का?"

"ऊन."

"उन्हाला काय धाड भरलीय? अगं, टाळकं तापलं माझं परवा तिथे रस्त्याकडेला!"

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला हिवाळ्यात—" आणि थांबली. मी म्हटलं, "हिवाळ्यात काय? मला काय झालंय हिवाळ्यात?" माझा आवाज चढला असावा, कारण ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी लावत राहिली. भांडी आधीच लावलेली होती.

२० मे

गवंडी आला. भला माणूस, तोंडात सतत खिळा धरून बोलतो. रस्त्यालगत खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, पांढऱ्या फक्कीने खोल्यांच्या रेघा आखल्या. मी प्रत्येक खोलीत जाऊन उभा राहिलो. भिंती नसलेल्या घरातही मी दारातूनच आत गेलो, रेघ ओलांडून नाही. ही मात्र आलीच नाही. एका लग्न ठरलेल्या मुलीचा घागरा द्यायचा होता म्हणाली.

२४ मे

कुणीतरी खुंट्या हलवल्यात.

२५ मे

गवंडी म्हणतो कुत्री असतील. पुन्हा ठोकल्या.

२९ मे

पुन्हा हलल्या! सगळ्याच्या सगळ्या मागे, रानाच्या दिशेने, आणि सगळ्या सारख्याच अंतराने. गवंड्याने तोंडातला खिळा काढला आणि म्हणाला, "दादा, कुत्रं फारच हुशार दिसतंय. काटकोन बरोबर साधलाय." मला गोदामाच्या रखवालदाराचा संशय आहे. त्याला आमचा व्हरांडा डोळ्यांत खुपतोय. हिला म्हटलं, आता पाळत ठेवणार. ही म्हणाली, "राहू द्या हो, नसते ताप कशाला करून घेता?" आणि सुईत दोरा ओवायला लागली. सुईत दोरा आधीच होता.

३ जून

पाळत ठेवली. लिहू की नको असं झालंय, पण लिहितो.

संध्याकाळी समोरच्या बसथांब्याच्या आडोशाला बसलो. लांब संध्याकाळ, भरपूर उजेड. थोड्या वेळाने बस आली. तिच्यातून ही उतरली. हातात पिशवी. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला हातोडा काढला, गळ्यातली शिवणाची टेप काढली, आणि गुडघ्यावर बसून मोजायला लागली. ती टेप ती किती, माणसाच्या छातीएवढी! एक टेप संपली की तिथे बोट ठेवायचं, पुढे सरकायचं, पुन्हा टेप. अशी सगळी जागा ओणव्याने मोजत होती.

मी तावातावाने रस्ता ओलांडला. काय काय बोलणार होतो! पण तिने वर बघितलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या, घरी काम करताना असतात तशा, नुसत्या सवयीने. मला हसूच फुटलं. म्हटलं, "घराला टाचण्या लावणार आहेस?"

ती हसली नाही. टाचण्या काढून पदराला टोचल्या.

"त्या भिंतीची सावली पडते," म्हणाली.

मी गोदामाकडे बघितलं. "कुठाय सावली? ती तर पलीकडे पडलीय."

"आता पलीकडे आहे. हिवाळ्यात सूर्य तिच्या मागून जातो, खालून. मग अर्धी जागा दिवसभर अंधारी. ऊन पार मागेच येतं. मी काटक्या लावून ठेवल्या होत्या, सावली कुठपर्यंत येते त्याच्या. तुम्ही जाळल्यात."

ती चादर आमचीच होती.

"मग तेव्हाच सांगायचं ना! मला दाखवायचं."

"कसं दाखवू? तुम्ही नव्हता."

"मी कुठे गेलो होतो?"

"घरातच होतात," ती म्हणाली. आणि मग रस्त्याच्या कडेला, हातात हातोडा घेऊन, तिने सगळं बोलून टाकलं. थंडीचे दिवस सुरू झाले की मी हळूहळू बोलायचा थांबतो. आधी शीळ जाते, मग जेवणावरची वासना, मग अंघोळ. भिंतीकडे तोंड करून पडतो. हाक मारली तर ओ देतो, पण ती ओ माझी नसते. दरवर्षी थोडं लवकर, थोडं जास्त. "मला ऊन तुमच्यासाठी हवंय हो. त्या घरात मला वर्षातले काही महिनेच नवरा मिळतो. बाकीचे महिने मी वाट बघते. गेल्या वर्षी वाटलं, या वेळी हे परत यायचे नाहीत."

आम्ही एकाच बसने घरी आलो. वेगवेगळ्या सीटवर.

५ जून

हिवाळ्यात कुणाच्या अंगात उत्साह असतो? सगळेच जरा आळसावतात. बायकांना राईचा पर्वत करायची सवय असते.

६ जून

लेकीला फोन केला. म्हटलं, तुझी आई असं असं म्हणते, तू सांग. तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "बाबा, लहान होते तेव्हा मला वाटायचं, प्रत्येकाचेच बाबा थंडीत असे होतात. दुसऱ्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं."

मी म्हटलं, "शिळेचं म्हणून विचारतेस होय गं?"

"हो. आई काही सांगत नाही ना. म्हणून शिळेवरून अंदाज घेते."

आणि मी समजत होतो, चेष्टा करते.

७ जून

खुंट्या मीच उपटल्या.

१० जून

सावलीची रेघ नक्की कुठे होती ते हिला पावलांच्या अंदाजाने आठवतं, पण खात्री नाही. घराचा नकाशा काढणारा म्हणाला, त्यात काय, सूर्याच्या कोनावरून कागदावर काढून देतो. दिलंही. ही म्हणाली, "कागदावरच्या मापाने शिवलेले कपडेच मी रोज उसवत असते. मी अंगावर घालून बघितल्याशिवाय कात्री लावत नाही." म्हणजे थांबायचं. ऐन थंडीपर्यंत. गवंडी वैतागला, मग त्याने दुसरं काम धरलं. जाताना हिला म्हणाला, "वहिनी, तुमच्या कुत्र्याला नमस्कार सांगा."

थांबायला माझी हरकत नाही. भीती वेगळीच आहे. खुंट्या ठोकायच्या वेळी तिथे कोण असेल, मी की भिंतीकडे तोंड करून पडणारा तो? त्याची नि माझी भेट झालेली नाही. सगळ्यांची झाली आहे.

२७ ऑगस्ट

जागेवर रस्त्याकडेला एक बाक बांधून घेतला. घर मागे गेलं तरी रस्ता मी सोडणार नाही. दिवसभर तिथे बसलो. आमच्या जुन्या मार्गावरच्या बसचा पोरगेला ड्रायव्हर दर फेरीला हॉर्न वाजवतो. शीळ घातली. घालताना पहिल्यांदाच मला ती ऐकू आली. जरा बेसूरच आहे.

१९ ऑक्टोबर

दिवस लहान व्हायला लागला. ही माझ्याकडे चोरून बघते. मीही स्वतःकडे चोरून बघतो. काल मुद्दाम शीळ घातली, हिला ऐकू जावी म्हणून. हिने मशीन थांबवलं नाही. हिला कळतं.

८ नोव्हेंबर

लवकर अंधार. विशेष काही नाही.

२३ नोव्हेंबर

दाढी केली नाही. उद्या करीन.

४ डिसेंबर

लेकीचा फोन आला. हिने घेतला.

२१ डिसेंबर

ही म्हणते लिहा. थोडं लिहितो.

सकाळी म्हणाली, जागेवर जायचंय. म्हटलं, तू जा. पांघरूण ओढलं. ती पलंगाशेजारी खाली बसली. नेहमी म्हणते ते काही म्हणाली नाही. उठा, बरं वाटेल, असं काही नाही. म्हणाली, "तुमच्यासाठी नका उठू. माझं माप अडलंय. ज्याचं माप त्याचंच अंग लागतं, दुसऱ्याचं चालत नाही."

मला मोजे तिने घातले. कोट तिने घातला. मी हात वर केले. स्वयंपाकघरातली खुर्ची तिने उचलली आणि आम्ही निघालो. बसमध्ये तोच पोरगेला ड्रायव्हर. खुर्चीकडे बघून म्हणाला, "काका, आमच्या सीटवर भरवसा राहिला नाही का?" उत्तर द्यायला हवं होतं. सुचलं नाही. तो उतरून खुर्ची खाली द्यायला आला.

भर दुपार. रस्त्याकडेला गार सावली. बाक ओला. मी जिथे व्हरांडा म्हणत होतो तिथे तिने खुर्ची ठेवली. "बसा." बसलो. गार लागलं. "उठा." खुर्ची मागे. "बसा." गार. "उठा." गिऱ्हाइकाला म्हणते तशी. हात वर करा, वळा, श्वास सोडा. मला कंटाळा आला होता. रडू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं. ती ओढतच होती खुर्ची.

मग बुटांवर ऊन आलं. मग गुडघ्यांवर. ती थांबली. म्हणाली, "इथे?"

मी म्हणालो, "अजून मागे."

तिने खुर्चीची पाठ धरली होती, ती तशीच धरून राहिली. "काय म्हणालात?"

"अजून थोडं मागे. तोंडावर येऊ दे."

तिने खुर्ची मागे घेतली. बसलो. ऊन तोंडावर आलं. फार नव्हतं. पण होतं. डोळे मिटले तर आत लाल दिसलं. किती दिवसांनी काही दिसलं असं वाटलं. ती माझ्या मागे उभी होती. खांद्यांवर तिचे हात. ते माप घेत नव्हते.

नंतर खुर्चीच्या पायांशी तिने काटकी रोवली, चिंधी बांधली. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची. म्हणाली, "आता जाळाल?"

मी मान हलवली. हसायचं होतं. ती म्हणाली, "राहू द्या. हसलात असं धरते."

थकलो.

२८ डिसेंबर

नकाशा काढणाऱ्याची रेघ आणि चिंधी यांत दोन हातांचं अंतर निघालं. तो म्हणाला, माझी रेघ बरोबर आहे, ऊन तिथेही येतंच. येत असेल. पण त्याने जमिनीवर येणारं मोजलं होतं. हिने माझ्या तोंडावर येणारं मोजलं.

६ मार्च

पाया खणायला घेतला. आज चालत जागेवर गेलो. गवंड्याला म्हटलं, चिंधीला धक्का लावलास तर गाठ माझ्याशी आहे. त्याने तोंडातला खिळा काढून सलाम केला. घर रस्त्यापासून इतकं मागे चाललंय की येणारे-जाणारे विचारतात, पुढे काय बांधणार? मी म्हणतो, पुढे ऊन बांधणार.

संध्याकाळी लेकीला फोन केला आणि काही न बोलता शीळ घातली. पलीकडे ती नुसती नाक ओढत होती.

१८ सप्टेंबर

राहायला आलो. मशीन दक्षिणेच्या खिडकीशी लावायचं ठरलं होतं. हिने ते स्वतःच सरकवून बाजूच्या भिंतीशी नेलं आणि खिडकीत ती स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. म्हटलं, अगं, तुला उजेड लागतो. म्हणाली, "मला दिव्याची सवय आहे." मी मशीन परत ओढून खिडकीत आणलं. तिने परत नेलं. शेवटी दोन्ही खिडकीत बसवली. जरा दाटी होते. हात हलवताना तिचं कोपर मला लागतं.

१७ डिसेंबर

खोटं कशाला लिहू? गेल्या आठवड्यात तो आला होता. एक अख्खा दिवस पडून होतो, भिंतीकडे तोंड करून. पण या घरात भिंतीवरही ऊन येतं. सकाळी ते उशाशी होतं, मग हातावर आलं, दुपारपर्यंत सबंध पांघरुणावर पसरलं. इतक्या उजेडात झोपेचं सोंग घ्यायची लाज वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी उठलो.

आज बाहेर कडाक्याची थंडी आहे. गोदामाची सावली जागेच्या मध्यापर्यंत येऊन थांबली आहे, बाक तिच्यात पूर्ण बुडाला आहे. ती पुढे येत नाही. मी चहा झाल्यावर खिडकीत खुर्चीवर बसलो होतो आणि दाढीचं सामान काढत होतो. शेजारी हिचं मशीन चालू होतं, खडखड, खडखड. मग एकदम थांबलं.

म्हटलं, दोरा तुटला असेल. बघितलं तर सुईखाली कापड तसंच, पाय पायडलवर तसाच, आणि ही माझ्याकडे न बघता बसलेली, मान थोडी कलती करून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी शीळ घालतोय. केव्हापासून, कोण जाणे.

मी थांबलो. म्हटलं, "काय झालं? बेसूर आहे?"

"भयंकर," ती म्हणाली. डोळे पदराने पुसले. आज कुठे धूर नव्हता.

"मग बंद करू?"

"बंद केलीत तर बघा," ती म्हणाली, आणि कोपराने मला ढोसून मशीन पुन्हा चालू केलं.